चिंचोक्यांची वंशावळ

पनवेलजवळच्या नावडे गावात कुणाचं लग्न ठरायचं म्हटलं की मुहूर्त भटजींकडे आणि नाती गोजराबाईकडे, अशी सरळ वाटणी होती. मुलीच्या आजीचं माहेर कुठलं, मुलाच्या चुलत्याने दुसरं घर कुठे केलं, कुणाची आत्या कुठल्या गावात दिली आणि ती तिथे नांदली की चार महिन्यांत परत आली, हे सगळं बाईला तोंडपाठ. दोन्ही घरांत कुठे चार पिढ्यांमागे रक्ताचा धागा निघाला तर ती चहाचा कप खाली ठेवायची आणि मुलाच्या बापाला सांगायची, "नको रं बाबा. ही पोर याची भैन लागते." मग त्या सोयरिकीचं पुढे कुणी नाव काढत नसे.

गोजराबाईला आपल्या या विद्येचा गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. कुणी चुकून "ह्या दोघांचं काहीतरी नातं आहे" असं म्हणालं, तर तिला ते मोघम बोलणं सहन व्हायचं नाही. "काहीतरी म्हंजे काय? आतेचुलत हाय. नीट बोल," असं ती भर मांडवात सुनवायची. शाळेत ती गेली नव्हती. तिचं सगळं लेखन चिंचोक्यांत. पत्र्याच्या एका डब्यात तिने चिंचोके साठवले होते, काही अख्खे, काही फोडून दोन फाका केलेले. कुणाचं घराणं सांगायचं झालं की ती ओटीवर फतकल मारून बसायची आणि वरून खाली चिंचोके मांडत यायची. जिवंत माणसाला अख्खा तपकिरी चिंचोका. जो गेला त्याची पांढरी फाक. मांडून झालं की म्हातारीने रांगोळी घातल्यासारखं सगळं घराणं फरशीवर दिसायचं, आणि वरच्या ओळी पांढऱ्या नि खालच्या तपकिरी असायच्या.

नव्वद सालाच्या पुढे या विद्येला अचानक भाव आला. सिडकोने शहरासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या होत्या त्यांना साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचे, प्लॉट मिळायला लागले. पण मूळ मालक बहुतेक देवाघरी गेलेले. मग वारस कोण, हे दाखवायला तलाठ्याकडे वंशावळ द्यावी लागे. प्रत्येकाचं नाव, नातं, आणि नावापुढे 'हयात' किंवा 'मयत'. ज्यांना आपल्या पणजोबाचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं असे गडी आता गाड्या लावून गोजराबाईच्या दारात उभे राहू लागले. बाई चिंचोके मांडायची आणि सून सुचिता ते बघून कागदावर उतरवायची. सुचिता बी.कॉम. झालेली, वाशीच्या दाणाबाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहायला जायची, अक्षर मोत्यासारखं. कामाबद्दल गोजराबाई पैसे घेत नसे. कुणी सुक्या बोंबलांची जुडी आणली तर मात्र ती परतही करत नसे.

मुलगा किसन तळोज्याच्या कारखान्यात कायम झालेला, सून हाताशी, दारात शेवग्याचं झाड, गावात मान. गोजराबाईचं बरं चाललं होतं. आणि मग एके दिवशी उरणहून तिचा भाऊ आला.

कान्हा तिच्याहून लहान. मोऱ्याच्या बंदराजवळ त्यांचं माहेर. बापाचं थोडं भातशेत आणि एक लहानसं मिठागर होतं, ते दोन्ही शहराच्या कामात गेलं होतं. कान्ह्याला बापाच्या नावावरचा प्लॉट हवा होता. गावातल्या दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकल्या होत्या, काहींनी बिल्डर गाठून पायेसुद्धा खणले होते. कान्ह्याची दोन्ही मुलं लग्नाची, घर एकच आणि तेही गळकं. तो घाईत होता, आणि घाईला कारण होतं.

"ताय, आपली वंशावल मांड. येक तासाचं काम नाय," तो म्हणाला.

एक तास कशाला, पाच मिनिटांचं होतं. गोजराबाईने वर बापाची आणि आईची पांढरी फाक ठेवली. खाली तीन तपकिरी चिंचोके: थोरली चांगुणा, मधली आपण स्वतः, धाकटा कान्हा. कान्ह्याने ते पाहिलं, हात पुढे केला, चांगुणेचा चिंचोका उचलून डब्यात टाकला आणि तिथे एक पांढरी फाक ठेवली.

"यो काय करतस?"

"मयत लिवू. मूल नाय, बाल नाय. दोन वारस उरले, दोघांच्या सह्या. फाईल गेली."

गोजराबाईने फाक उचलून बाहेर अंगणात फेकली आणि डब्यातून चांगला टपोरा चिंचोका शोधून जागेवर ठेवला. "माझी बाय जिती हाय," ती म्हणाली.

चांगुणेची गोष्ट सुचिताने तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली. चांगुणेचं लग्न झालं ते रेवसपलीकडच्या धर्मा घरतशी. धर्मा मिठागरावरचा चांगला कामगार. पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, हे त्याला वासावरून कळे म्हणत. त्या काळी मुंबईच्या कुठल्याशा शेटजीची समुद्रापार, इंग्रजांच्या एडन बंदरात मिठागरं होती. मीठ पिकवायला आपली माणसं हवीत म्हणून शेटजीने चार-पाच आगरी जोडपी बोटीने तिकडे नेली, त्यांत हे दोघं. पहिली काही वर्षं कुणी जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर खजूर यायचा, निरोप यायचा. मग एडनला दंगली झाल्या, इंग्रज गेले, आणि त्याबरोबर निरोपही गेले. धर्माला मागे कुणी नव्हतं. त्याची आई वारली, घर पडलं, त्याच्या गावात विचारायला उंबरा उरला नाही. गोजराबाईच्या आईला कुणी चांगुणेचं विचारलं तर ती मरेपर्यंत एकच सांगायची, "मीठ पिकवायला गेलीय."

"तीस वरसं झायली ताय," कान्हा म्हणाला. "मानूस असतं तर येक चिठी तरी आयली असती. आन तू बोलतस तसं जिती असली, तरी तिची सही कुठनं आनू? मना त्याचा जवाब दे."

गोजराबाईला एवढंच ठाऊक होतं की आई मिठागरावर राबत असताना आपल्याला काखेत घेऊन फिरली ती चांगुणा. खारट चिखलाने पाय उलले की त्यांना तेल लावलं ते चांगुणेने. पहिली चोळी शिवली ती चांगुणेने. जगातल्या सगळ्या घराण्यांची माणसं तिने चिंचोक्यांत मांडली होती, आणि कुणाच्या नावावर खोटी फाक ठेवली नव्हती. ती पहिली खोटी फाक चांगुणेच्या जागी ठेवायची हे तिच्याच्याने होणारं नव्हतं. तिने भावाकडे दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. कान्ह्याने दिली, पण जाताना जेवला नाही. गोजराबाईच्या हातचं कालवण टाकून तो उठला, यावरून त्याला किती राग आला होता ते समजावं.

दुसऱ्याच आठवड्यात गोजराबाई एस्टीने उरणला गेली आणि तिथून मोऱ्याला. जहाजावर गेलेल्या माणसांची खबर जहाजावरच्या माणसांनाच असणार, हा तिचा हिशेब. धक्क्याजवळ बापाचा जुना दोस्त हिरामण राहायचा. उभा जन्म खलाशी म्हणून बोटींवर काढलेला, आता जाळ्याची भोकं शिवत बसलेला. तिने धर्माचं नाव काढताच म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली.

"धर्मा घरत ना? तो एडनलाच वारला. दंगलीच्या आदीच. तापानं."

एवढी वर्षं गोजराबाई मनातल्या मांडणीत भाऊजींना तपकिरी चिंचोका ठेवत आली होती.

"तुजे बापाशीला सांगितलं व्हतं मी," हिरामण म्हणाला. "त्यानं घरात सांगितलं नसल. त्याचा सभावच तसा. पन तुजी भैन नाय मेली तवा. माजा जोडीदार व्हता येका बोटीवर, त्यानं बगितलं. एडन खाली झायलं तवा ती मोंबासाचे बोटीवर चडली. कडंवर येक पोर व्हती."

एक पोर होती! गोजराबाई रडत रडतच निघाली, पण मनात मात्र तिने चांगुणेच्या चिंचोक्याखाली आणखी एक चिंचोका मांडला. परतीच्या वाटेवर तिला त्या न पाहिलेल्या भाचीचं नाव काय असेल याचाच घोर लागला होता.

समुद्रापलीकडचं हे मोंबासा कुठे आलं ते सुचिताला माहीत होतं, कारण तिच्या शेटची तूर तिकडूनच यायची. शेट खिमजीभाई कच्छी. त्यांच्या बहिणीचं घर मोंबासात, मेहुण्याचं तिथे दुकान, आणि आठवड्याला एकदा गाळ्यावरून फोन व्हायचाच. सुचिताने भीत भीत विषय काढला. खिमजीभाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "सुचिताबेन, बहन को ढूंढना तो पुण्य का काम है. नाम बोलो."

"चांगुणा. चांगुणा धर्मा घरत. मराठी आहेत."

शेटच्या मेहुण्याने मनावर घेतलं. मोंबासात हिंदूंची देवळं किती, मराठी माणसं किती. पुजाऱ्यांकडे, दुकानदारांकडे, सगळीकडे त्याने विचारलं म्हणे. दोन आठवड्यांनी निरोप आला. चांगुणा नावाची बाई तिथे नाही, कधी नव्हती. घरत आडनावाचं तर कुणीच नाही. एका मराठी मास्तरांनी आपल्या मंडळाच्या जुन्या माणसांनाही विचारलं. असं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

"आई, तुमी टेन्शन घेऊ नका," सुचिता म्हणाली. "अजून विचारू आपण." पण तिच्या आवाजात दम नव्हता, आणि गोजराबाईला आवाज कळायचे.

त्या दिवसांत लोक वंशावळी मांडून घ्यायला यायचे, गोजराबाई मांडायची, पण "नीट बोल" म्हणून कुणाला झापायची नाही, आणि त्यामुळे लोकांनाच चुकल्यासारखं व्हायचं. कान्ह्याचा निरोप आला की स्टॅम्पपेपर तयार आहे, येऊ का. तिने कळवलं, दिवाळीला ये. रात्री किसनला म्हणाली, "लिवूंदे त्याला काय लिवायचं तं. मी आंगठा देईन. पन त्या जागेवर फाक माज्या हातानं नाय ठेवनार." किसनने तेलाची वाटी आणली आणि तो आईचे पाय चोळत बसला.

आणि मग हिरामण नावड्यात आला.

म्हाताऱ्याच्या नातीचं लग्न होतं. इतक्या वर्षांनी दोस्ताची मुलगी दाराशी येऊन गेली, तिला पत्रिका स्वतः जाऊन द्यायची असं त्याच्या मनाने घेतलं. पनवेलला उतरून, विचारत विचारत तो बरोबर गोजराबाईच्या गल्लीत पोचला. बरोबर तिच्याच दारात पोचला. सुट्टीचा दिवस होता. सुचिता ओटीवर गहू निवडत होती.

"मथुरा इथंच राहते का गं? मथुरा. उरनची."

"नाही बाबा," सुचिता म्हणाली. "मथुरा म्हणून इथे कोणी नाही. पुढच्या आळीत विचारा."

पुढच्या आळीतही कुणी मथुरा नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. नावड्यात मथुरा नावाची एक होती, ती किराणा दुकानदाराची तान्ही नात. म्हातारा दमून पिंपळाच्या पारावर बसला. बाजारातून परतणाऱ्या गोजराबाईने त्याला पाहिलं आणि लांबूनच हाक मारली, "हिरामणकाका! इथं का बसलास?"

"अगं मथे, सगला गाव पालथा घातला. तुना कोन वलखत नाय गं तुज्या गावात! येक पोर तर बोलली, मथुरा म्हनून कोनी नायच."

त्याला घेऊन गोजराबाई घरी आली आणि सुचिताने जीभ चावली. "आई, मला काय माहीत तुमचं नाव मथुरा! मी लग्न होऊन आले तेव्हापासून गोजराच ऐकते. मामा तर ताय म्हणतात."

गोजराबाईला हसू फुटलं. खरंच की. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूने कानात 'गोजरा' सांगितलं, पाच सवाष्णींना गूळ वाटला, आणि मथुरा तिथे संपली. सासऱ्यांनी, नवऱ्याने, शेजाऱ्यांनी, रेशनकार्डाने, सगळ्यांनी तिला गोजराच म्हटलं. ती हसत हसत चहा टाकायला आत गेली, पातेलं चुलीवर ठेवलं, आणि दूध ओतता ओतता तिचा हात थांबला.

"सुचिता!" तिने आतून एवढ्या जोरात हाक मारली की हिरामण दचकला. "सुचिता, आपन इचारलं कुनाला गं? चांगुनेला! अगं, चांगुना आमची. आमचे घरची. लगीन झायल्यावर तिला चांगुना कोन बोलनार? एडनला, मोंबासाला गेली ती सासरचं नाव घेऊन गेली!"

गोजराबाईने कपाळावर हात मारून घेतला, एकदा नाही, दोनदा. गावातली प्रत्येक लेक तिने माहेरच्या नावाने मांडली होती आणि प्रत्येक सून सासरच्या. एकाच बाईचे दोन घरांत दोन चिंचोके असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि स्वतःच्या बहिणीचा तिने एकच ठेवला. घरतांच्या घरातला दुसरा तिने कधी मांडलाच नव्हता, कारण घरतांचं घरच उरलं नव्हतं. "मोठी आयलीय नाती सांगनारी!" ती स्वतःलाच म्हणाली. चहा मात्र उतू गेला आणि हिरामणला अर्धाच कप मिळाला.

पण ते सासरचं नाव काय? हे कान्ह्याला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तो तेव्हा रांगत होता. गोजराबाईने कधी ऐकलं नव्हतं. माहेरी लेकीला सासरच्या नावाने कोण हाक मारतं? आई-बाप गेले. हिरामण तेव्हा बोटीवर. गोजराबाई विचार करत बसली आणि तिच्या सवयीप्रमाणे नात्यानात्याने मागे जाऊ लागली. नवरी सासरी गेली तर नाव ठेवताना तिच्या माहेरचं कोण हजर असतं? पाठराखीण. नवरीला एकटं वाटू नये म्हणून तिच्याबरोबर पाठवतात ती. चांगुणेची पाठराखीण कोण होती? भीमीआत्या. बापाची विधवा बहीण. आणि भीमीआत्या अजून होती! पावणे गावात, लेकीच्या घरी.

पावण्याला चहूकडे कारखाने, मधे गाव. भीमीआत्या एका खोलीच्या दारात गोधडीवर बसलेली, शेजारच्या वर्कशॉपात लेथ घरघरतोय, आणि तिला त्याचा काही त्रास नाही कारण तिला ऐकूच येत नाही. गोजराबाईने तिच्या कानाशी तोंड नेऊन तीन वेळा विचारलं. चौथ्या वेळी म्हातारीचा चेहरा पेटला.

"यशोदा!" ती कडाडली. "काय नाव ते! तिचे सासूची येक पोर मेलेली व्हती लहानपनी, यशोदा. तिचं नाव आमचे पोरीला! मी बोलले तिला, मेलेले पोरीचं नाव ठेवतेस, लाज नाय वाटत? ती बोलली, माझी पोर परत आयली असं वाटतं मना. मी गुलाचा खडा फेकून दिला आन रातीच निंगाले. तुजे बापाशीला सांगितलं. तो बोलला, ते नाव माजे घरात कोनी काडायचं नाय. कोनी काडलं नाय."

"आन आत्या, येवढी वरसं तू आमाला कधी बोलली का नाय?"

"तू इचारलंस कवा?" भीमीआत्या म्हणाली. गोजराबाईने तिचे पाय धरले, पिशवीतली मिठाई तिच्या पुढ्यात ठेवली आणि जी बस मिळाली ती पकडून थेट दाणाबाजारात गेली. घरी जायचाही तिला दम निघेना.

खिमजीभाईंनी त्याच दिवशी फोन लावला. या वेळी दोन आठवडे लागले नाहीत. मेहुण्याने फोनवरच विचारलं, "यशोदाबा? मराठी यशोदाबा? अरे, ती तर आमच्या मंदिरात रोज येते!" नवरा एडनला वारला, नवऱ्याचं नाव ती कधीच घेत नाही, त्यामुळे कुणाला ठाऊकही नाही. मिठागरावर काम केलं. मुलीने एका कच्छी मुलाशी लग्न केलं आणि म्हातारी आता त्यांच्याकडेच असते. सगळे तिला जावयाच्या आडनावानेच ओळखतात. मासे उत्तम करते, पण देवळातल्या लोकांपुढे कबूल करत नाही. शेटनी फोनवरून एकेक वाक्य ऐकून सांगितलं आणि गोजराबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली. मासे कबूल न करण्याचं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "तीच. तीच हाय."

रविवारी यशोदाबाला मेहुण्याच्या घरी बोलवायचं आणि इथून फोन लावायचा असं ठरलं. बाजार बंद होता, तरी खिमजीभाईंनी स्वतः येऊन गाळ्याचं शटर उघडलं. कान्हाही आला होता. तो पोत्यावर बसून होता आणि अजूनही त्याच्या तोंडावर विश्वास नव्हता. "यशोदा म्हनून दुसरी कोनी असल," हे तो पनवेलपासून चार वेळा बोलला होता.

फोन लागला. शेटनी दोन शब्द बोलून रिसीव्हर गोजराबाईच्या हातात दिला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "हलो? कोण बोले छे?"

गोजराबाईने रात्रभर वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवेना.

"चांगुणे," ती म्हणाली.

खिमजीभाईंना वाटलं लाईन तुटली, ते पुढे झाले. मग अगदी बारीक आवाज आला, गुजरातीचा मागमूस नसलेला.

"कोन? मथी काय गं?"

"मीच गं बाय. मथी."

"येवढे वरसांत या नावानं कोनी हाक नाय मारली मना," चांगुणा म्हणाली. "मना वाटलं चांगुना कवाच मेली."

मग दोघी रडल्या. महागडा परदेशी फोन, त्यात दोन बायका एक शब्द न बोलता रडतायत, आणि तरी खिमजीभाई घड्याळाकडे न बघता भिंतीवरच्या श्रीनाथजीकडे बघत उभे राहिले. हे त्यांचे उपकार गोजराबाई जन्मभर सांगत होती. रडून झाल्यावर बोलणं झालं. आई गेली, बाप गेला. दोन पत्रं कुणाकडून तरी लिहवून धाडली होती, पोचली की नाही देव जाणे. भाचीचं नाव कमळ. कमळला दोन मुली. गोजराबाईने तिथल्या तिथे आणखी दोन चिंचोके मनात मांडले आणि तिला इतकं सुख झालं की तिने शेजारी उभ्या सुचिताचा हात घट्ट धरला.

"कान्हा हाय का? दे त्याना," चांगुणा म्हणाली.

कान्ह्याने रिसीव्हर घेतला. आधी त्याचं तोंड वाकडं झालं, मग तो पोरासारखा हुंदके देऊन रडला. पण कान्हा शेवटी कान्हाच. नाक पुसून तो मुद्द्यावर आला.

"ताय, येक काम व्हतं. बापाशीचे जमिनीचा प्लॉट मिलनार हाय. तुजी सही लागते. हक्क सोडला म्हनून. सगल्या भैनी सोडतात तसा. कागूद धाडतो, तू सही करून पाठव."

"मथीनं सोडला?"

"सोडनार हाय."

"सोडूंदे. मी नाय सोडत."

कान्ह्याने रिसीव्हर कानापासून थोडा दूर केला, जणू तो चावला. आवाज आता गाळ्यात सगळ्यांना ऐकू येत होता.

"तू लांब तिकडं, ताय. तुना त्या जागेचं करायचं काय?"

"मी मिठाचे चिखलात जन्म काडला रं. येका भाऊबीजेला तू चोली नाय धाडलीस, आन आता सही मागतस? त्या मिठागरात मी काम केलंय, तू तवा रांगत व्हतास. माजा हिस्सा ठेव. मी कमलला घेऊन येतंय. येऊन बघतंय, कोनचा कोपरा देतस मना. नीट कोपरा दे, उंदराच्या बिलासारखा नको."

फोन संपला. कान्हा परत पोत्यावर जाऊन बसला. दोन मुलांची घरं त्याच्या डोळ्यांदेखत एका कोपऱ्याने आखूड झाली होती. गोजराबाईला हसू आवरेना. ती हसली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"मेलेली भैन हिस्सा मागते काय रं कान्हा?" ती म्हणाली. "आन माझा आंगठा पन आता थांबव. ती येईल तवा आमी दोघी बसून ठरवू."

कान्ह्याने बहिणीकडे रागाने बघायचा प्रयत्न केला. तो त्याला जमला नाही. पिशवीतून त्याने वंशावळीचा कागद काढला, सुचिताच्या पुढे सरकवला आणि एका जागी बोट ठेवलं.

"सूनबाय," तो म्हणाला, "हितं हयात लिव. मोठ्या अक्षरात लिव, नायतर ती येऊन भांडल."